मिस्त्रींच्या भिंतीत जोड नसतो

चिमटे निवांत बसलेला आहे, असं दृश्य फारसं कोणी पाहिलेलं नाही. तो जेवतोसुद्धा खुर्चीच्या कडेवर टेकून, कोणी हाक मारलीच तर उठायला सोपं जावं म्हणून. पायाला भिंगरी म्हणतात ती अशी. पन्नाशी उलटली, चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले, पण भिंगरी थांबायचं नाव घेत नाही. खिशात कायम मीटर. त्या मीटरला वरच्या बाजूला चिमट्यासारखे दोन जबडे आहेत. ते तारेभोवती मिटवले की तार न कापता आतून किती करंट चाललाय ते कळतं. त्या चिमट्यावरून तो चिमटे झाला, आणि त्याचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं.

"दोन आकडे द्या, बाकीचे दोन मी सांगतो," हे त्याचं आवडतं वाक्य. व्होल्टेज आणि करंट हाती आले की भागाकारातून रेझिस्टन्स निघतो आणि गुणाकारातून पॉवर. हे शाळेत सगळेच शिकतात आणि परीक्षा संपली की सोयीनं विसरतात. चिमटेला ते विसरता आलं नाही, तिथंच त्याचं सुख संपलं. कुणाकडे पाणी प्यायला थांबला तर पेला हातात, आणि नजर फ्रिजच्या पिनवर. यजमान म्हणतो बसा, हा म्हणतो तुमची पिन कोमट लागतेय. लोक सभेत भाषण ऐकतात, हा मंडपातले दिवे मोजतो, मनात वॉटची बेरीज करतो आणि जनरेटरवाल्याकडे संशयानं बघतो.

कधीकधी त्याचं खरं ठरायचं. पण बरेचदा काहीच निघायचं नाही. एका लग्नात तर त्यानं स्टेजमागची केबल हाताला गरम लागली म्हणून थेट मेन स्विच पाडला. नवरानवरी अंधारात, फोटोवाला अंधारात, आणि वाढपी हातात ताटं घेऊन अंधारात. नंतर कळलं की त्या केबलवर दुपारभर खिडकीतून ऊन पडत होतं. तेव्हापासून चिमटे काही बोलायला लागला की लोक म्हणतात, आला लांडगा. तोही हसतो. पण घरी आल्यावर त्याला ते लागतं, बायकोला ठाऊक आहे.

त्याचे वडील याच धंद्यातले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, आणि अदबीनं म्हणतात. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. अर्ध्या वस्तीचं वायरिंग त्यांच्या हातचं. भिंतीच्या आत तारेला जोड द्यायचा नाही, तार कमी पडली तर सगळी ओढून काढायची आणि नवी अखंड घालायची, हा त्यांचा दंडक. जोड म्हणजे आज ना उद्या सैल होणारी गाठ. ती डोळ्यांसमोर असेल तर दुरुस्त करता येते, भिंतीत गाडली तर तिला विचारणार कोण? त्यामुळे घर विकताना लोक खोल्या, पाणी, ऊन सांगायचे आणि शेवटी सांगायचे, वायरिंग मिस्त्रींचं आहे. मिस्त्रींच्या भिंतीत जोड नसतो, ही काळ्या दगडावरची रेघ होती.

मिस्त्री राहायचे लेकीकडे, चिमटेच्या धाकट्या बहिणीकडे. मुलाकडे का नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, तिथं राहिलो तर तो रोज माझी उशी तपासेल. बहिणीची बेकरी होती. खाली दुकान आणि भट्टीची खोली, वर राहायचं घर. वरच्या एका खोलीत मिस्त्री आणि शेजारच्या खोलीत बहिणीच्या दोन मुली झोपायच्या. तिच्या लग्नानंतर मिस्त्रींनी त्या इमारतीचं वायरिंग स्वतः केलं होतं, भेट म्हणून, एकही माणूस मदतीला न घेता.

जुनी भट्टी गेली आणि विजेचा ओव्हन आला, तिथून ही गोष्ट सुरू होते. ओव्हन मोठा, दिमाखदार, काचेच्या दाराचा. पण ब्रेड काही मनासारखा तांबूस होईना. बहीण वेळ वाढवून बघायची तर आतून कोरडा, कमी करून बघायची तर वरून पांढरा. कंपनीचा माणूस आला, भला माणूस होता, सगळं उघडून तपासलं आणि ओव्हनमध्ये दोष नाही असं सांगून गेला. मग बहिणीनं नाइलाजानं भावाला बोलावलं. नाइलाजानं म्हणायचं कारण, भाऊ एकदा आला की ओव्हनबरोबर पंखा, घंटी आणि मुलींच्या टेबलावरचा दिवाही तपासून मगच जातो.

चिमटेनं ओव्हन चालू ठेवून ओव्हनपाशी व्होल्टेज मोजलं, दोनशे एकवीस. तारेला चिमटा लावला, एकोणीस ॲम्पियर आणि वर थोडं. भागाकार केला, साडेअकरा ओहम. ओव्हनच्या पाठीवरच्या पत्र्यावर दोनशे तीस व्होल्ट आणि चार हजार सहाशे वॉट छापले होते. त्यातूनही साडेअकराच निघत होते. म्हणजे ओव्हन निर्दोष, कंपनीचा माणूस खरं बोलला होता. मग त्यानं गुणाकार केला. सव्वाचार हजार वॉटच होत होते. ओव्हन उपाशी होता. त्याच्यापर्यंत पुरतं व्होल्टेजच पोचत नव्हतं.

ओव्हनची तार जिथून निघते त्या दुकानातल्या बोर्डापाशी तो पळत गेला. तिथं बरोबर दोनशे तीस. म्हणजे नऊ व्होल्ट वाटेत गळत होते. एवढ्या लांबीची, एवढ्या जाडीची तांब्याची तार स्वतःच चारएक व्होल्ट खाते, ते तिला माफ. उरले पाच. त्यानं बोर्डातला आणि ओव्हनमागचा दिसेल तो प्रत्येक स्क्रू कसला, पुन्हा मोजलं. पाच जागचे हलले नाहीत. पाचाला एकोणिसानं भागलं तर पाव ओहम येत होता. इवलासा, कुणी हिशेबात धरणार नाही असा. पण पाचाला एकोणिसानं गुणलं, आणि मग खात्रीसाठी पुन्हा एकदा गुणलं. जवळजवळ शंभर वॉट. म्हणजे ओव्हन चालू असेल तोवर या भिंतीत कुठंतरी एकाच जागी शंभर वॉटचा दिवा जळत होता, आणि त्या दिव्याला काच नव्हती.

असा रेझिस्टन्स एकाच ठिकाणी असतो, सैल झालेल्या जोडात. आणि ही भिंत मिस्त्रींची होती.

त्यानं बहिणीला ओव्हन बंद ठेवायला सांगितलं. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, डब्यांसाठी ब्रेडची मागणी वाढली होती, तिचा नवरा सकाळपासून गाडी घेऊन दुकानादुकानांत माल पोचवत होता. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पाव ओहमसाठी माझे पाव बंद?" म्हणाली. रागातही तिला विनोद सुचतो, घराण्याचा गुण आहे. मग तिनं विचारलं, बाबा काय म्हणतात?

बाबा काय म्हणणार होते? ते दुकानातल्या बाकावर चष्मा पुसत बसले होते. चिमटेनं आकडे सांगितले. त्यांनी ते नीट ऐकले, मान हलवली आणि शांतपणे म्हणाले की आकडे बरोबर असतील, पण भिंतीत जोड नाही, दुसरं काहीतरी बघ. चिमटे म्हणाला, मग भिंतीबाहेरून नवी तार टाकतो, जुनी राहू द्या तशीच. त्यावर मात्र त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. मिस्त्रींच्या घरातच भिंतीबाहेरून तार लटकलेली दिसली तर लोक काय समजतील? उभ्या आयुष्यात त्यांनी खोटं बोललेलं कोणाला आठवत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चिमटे मूग गिळून परत फिरला.

पण त्याला घरी चैन पडेना. भट्टीची वेळ पहाटेची. खाली ओव्हन सुरू व्हायचा तेव्हा वर म्हातारा आणि दोन पोरी गाढ झोपलेल्या असायच्या. चिमटेला नेमकी तेव्हाच जाग यायची. आता स्विच पडला असेल, आता तो दिवा पेटला असेल. उजाडलं की तो काहीतरी निमित्त काढून बेकरीत जायचा. भट्टीच्या खोलीच्या भिंतींवरून तळवा फिरवायचा. बहिणीचं लक्ष गेलं की हात झटकून ब्रेड मागायचा. दुपारी पुन्हा ब्रेड, संध्याकाळी पुन्हा ब्रेड. घरात ब्रेडचा ढीग झाला. बायको म्हणाली, एवढी भिंत चाचपताय, तेवढा माझा हात कधी धरला नाहीत.

भिंतीला हात लावून काही कळत नव्हतं. भट्टीची खोली ती, सगळंच कोमट. आणि ओव्हनच्या मागची लांब भिंत लाकडी मांडण्यांनी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कपाटांनी झाकलेली. पुठ्ठा आणि कागदी पिशव्या.

मिस्त्री डोळे तपासायला जावयाबरोबर गेले, त्या दिवशी चिमटेनं बहिणीला गाठलं. जिन्यापाशी तार वळते. कुणी जोड दिलाच असेल तर तो वळणावरच देईल, शंभरातले नव्वद वायरमन तिथंच देतात. एवढीशी जागा फोडतो, बघतो, बाबा यायच्या आत बुजवतो. ती नको नको म्हणत होती. शेवटी म्हणाली, "तुझा जीव शांत होणार असेल तर बघ एकदाचं." तिनं स्विच पाडला आणि ती गिऱ्हाईक बघायला बाहेर गेली.

त्यानं छिन्नी लावली. प्लास्टर पडलं, आतला पाइप उघडा पडला. त्यानं तो चिरून लाल तार बाहेर ओढली. लाल म्हणजे फेज, जिच्यात जीव असतो ती. बोटांच्या चिमटीत धरून तो पुढं सरकत गेला. गुळगुळीत, अखंड, काल घातल्यासारखी. मग थोडं वर फोडलं. तिथंही अखंड. हातभर फोडायचं ठरवलं होतं, ते पुरुषभर झालं. माणूस हट्टाला पेटला की त्याला छिन्नी आवरत नाही. धुरळा उडून शेजारच्या ट्रेमधल्या मळलेल्या पिठावर बसला, ते सगळं पीठ फेकावं लागणार हे त्याला दिसलं, तरी त्याचा हात थांबला नाही. लाल तारेला कुठंही जोड नव्हता.

मिस्त्री परत आले तेव्हा तो स्टुलावर उभा होता. त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ते जवळ आले, डोळ्यांत औषध घातल्यामुळं त्यांना धूसर दिसत होतं, म्हणून त्यांनी बोटांनीच ती लाल तार खालून वरपर्यंत चाचपली.

"मिळाला?" त्यांनी विचारलं.

चिमटे स्टुलावरून खाली उतरला. मिस्त्री काठी टेकत जिना चढून गेले. बहिणीनं पिठाचा ट्रे उचलला, बाहेर नेऊन रिकामा केला आणि आत येऊन म्हणाली, "दादा, आता काही दिवस येऊ नकोस. ब्रेड हवा असेल तर पाठवीन मी."

बातमी लपते थोडीच. मिस्त्रींच्या पोरानं बापाची परीक्षा घ्यायला बापाचीच भिंत फोडली आणि तोंडघशी पडला, हे वस्तीभर झालं. हार्डवेअरच्या दुकानात लोक त्याला बघून हसू दाबायचे. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याला खात होते ते पाच व्होल्ट. दुसऱ्या वायरमनचा मीटर आणून त्यानं स्वतःचा पडताळून बघितला. मीटर चोख होता. तारेची लांबी पुन्हा हिशेबात धरली, जाडी पुन्हा धरली. पाच उरतच होते. आकडे खोटं बोलत नाहीत आणि बाबाही खोटं बोलत नाहीत. मग भांडण कोणाचं कोणाशी चाललंय? कधी वाटायचं, लोक म्हणतात तेच खरं, आपल्याला नुसती खाज आहे. मग पहाट व्हायची, आणि तो अंथरुणात उठून बसायचा.

अशात लाँड्रीवालीनं त्याला बोलावलं. तिची मोठी इस्त्री मध्येच थंड पडत होती. चिमटेचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. करंट मोजायचा असतो तेव्हा चिमटा एकाच तारेभोवती लावायचा, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. त्यानं तो अख्ख्या वायरीभोवती लावला, आत लाल फेज आणि काळी न्यूट्रल, दोन्ही. मीटरनं दाखवलं शून्य. लाँड्रीवाली हसायला लागली. इस्त्री हात भाजतेय आणि तुमचा मीटर म्हणतो करंटच नाही. तो ओशाळून चिमटा सोडवायला गेला आणि तसाच थांबला.

शून्य का येतं? लाल तारेतून जेवढा करंट जातो, बरोबर तेवढाच काळीतून परत येतो. एक जाणारा, एक येणारा, दोघांची मापं एकमेकांना पुसून टाकतात. जेवढा जातो तेवढाच येतो. म्हणजे लाल तारेत एकोणीस तर काळीतही एकोणीस.

त्याला स्वतःचा हात दिसला, त्या फोडलेल्या भिंतीतला. लाल तार चिमटीत धरलेली, आणि काळी मधे मधे येत होती म्हणून मनगटानं बाजूला सारलेली. एकदा नाही, फोडलेल्या सगळ्या लांबीभर. काळीकडे त्यानं पाहिलंच नव्हतं. कोणीच पाहत नाही. काळीवर टेस्टर लावला तर पेटत नाही, हात लागला तर झटका बसत नाही, म्हणून सगळे वायरमन तिला गरीब गाय समजतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लाँड्रीवाली इस्त्रीचं काय म्हणून विचारत होती तोवर हा रस्त्यावर पोचला होता.

बेकरीत दुपारची भट्टी लागली होती. बहिणीनं त्याला दारातच अडवलं. तो म्हणाला, भिंतीला हात लावणार नाही, बाबांना एकच प्रश्न विचारायचाय. मिस्त्री नेहमीच्या बाकावर होते. त्यांनी मान वर केली नाही. चिमटे त्यांच्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, जमिनीवर मांडी घालून बसला.

"बाबा, काळीत जोड आहे?"

मिस्त्रींनी जरा वेळ आठवलं. मग, आज वार कोणता म्हणून सांगावं तितक्या सहज म्हणाले, "काळीत असेल की. हातभर कमी पडली होती. तिला काय होतंय?"

बहीण काउंटरमागून हळूहळू पुढं आली.

"तुम्ही म्हणालात जोड नाही," चिमटे म्हणाला.

"नाहीच. काळीतल्याला जोड कोण म्हणतं? आमच्या वेळी कोणीच म्हणत नव्हतं. फेज अखंड ठेवायची, ती चावते. न्यूट्रलला काय."

हे त्यांनी लपवलं नव्हतं. हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि विचारलं असतं तरी त्यांना ते उत्तर देण्याजोगं वाटलं नसतं. चिमटेला त्या क्षणी रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्हीसाठी वेळ नव्हता. तो म्हणाला, "जेवढा लालमधून जातो तेवढाच काळीतून परत येतो. हे मला तुम्हीच शिकवलंत, बाबा. पाच व्होल्ट तिथं पडतायत. एकोणीस ॲम्पियर. गुणाकार करा."

मिस्त्रींचे ओठ हलले. आकडेमोड त्यांना अजून तोंडपाठ होती. उत्तर आलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हे वायरिंग केलं तेव्हा या खालच्या मजल्यावर दोन दिवे आणि एक पंखा होता. तेवढ्या करंटला तो जोड मुकाट झोपून होता. ओव्हननं त्याला जागा केला होता.

ते उठले, काठी न घेता भट्टीच्या खोलीत गेले आणि लांब भिंतीपाशी खोक्यांच्या कपाटावर त्यांनी हात ठेवला. "इथं," म्हणाले. "याच्या मागं."

ओव्हनमध्ये ब्रेड होता, अर्धा फुगलेला. बहिणीनं एकदा त्या काचेकडे पाहिलं आणि स्विच पाडला.

कपाट तिघांनी मिळून ओढलं. कपाटाची मागची फळी एका जागी तपकिरी झाली होती, ताटाएवढी, आणि मधोमध काळी. तिथं बोट लावलं तर लाकूड भुसभुशीत लागत होतं. फळीच्या अलीकडे, बोटभर अंतरावर, कागदी पिशव्यांचा गठ्ठा होता. बहिणीनं तो गठ्ठा उचलला, छातीशी धरला आणि वर छताकडे पाहिलं. त्या जागेच्या बरोबर वर मुलींची खोली होती. गठ्ठा तसाच धरून ती खाली बसली.

चिमटेनं प्लास्टर फोडून आत लपलेला जोडाचा गोल डबा उघडला. आतल्या चिकटपट्टीचा कोळसा झाला होता. काळ्या तारेची दोन टोकं हातानं पिळून जोडलेली होती, एकेकाळी घट्ट असतील, आता त्यांच्यात हिरवी-काळी पूड होती. मिस्त्रींनी ती पूड बोटावर घेतली आणि डोळ्यांजवळ नेली.

चिमटेनं त्याच संध्याकाळपर्यंत नवी काळी तार ओढली, अखंड. ओव्हन पुन्हा लावला, दोन्ही टोकांना मोजलं. वाटेत जेमतेम चार व्होल्ट पडत होते, तारेचे तारेला. ब्रेड चांगला तांबूस आला. बहिणीनं पहिला गरम ब्रेड भावापुढं ठेवला, आणि येऊ नकोस म्हणाले होते ते विसर, असं म्हणाली. त्यानं ब्रेडचा कोपरा मोडला खरा, पण तो हातातच राहिला. कारण मिस्त्री बाकावर बसून काहीतरी पुटपुटत होते.

ते घरं आठवत होते. किराणावाल्याकडे जिन्याखाली. शिंप्याच्या दुकानात आरशामागं. समोरच्या नर्सबाईंच्या घरात, मधल्या खोलीत. कुठं तार संपली, कुठं घाई होती, कुठं मालक दारात उभा राहून घड्याळ बघत होता. प्रत्येक ठिकाणी फेज अखंड आणि काळीला जोड. काही सांगता सांगता ते थांबायचे, पुन्हा सुरू करायचे, मग मान हलवायचे. चिमटेला ठाऊक होतं की या घरांत आता गिझर आले होते, हीटर आले होते, मोठ्या शेगड्या आल्या होत्या. त्याचं डोकं आपोआप ॲम्पियर मोजायला लागलं.

"बाकीची आठवत नाहीत," मिस्त्री म्हणाले. "खूप आहेत. आठवत नाहीत मला."

चिमटेनं त्यांना समजावलं. तुम्ही नका काळजी करू, मी बघतो. एकेका घरी जाईन, दोन्ही टोकांना मोजेन, पाच मिनिटांचं काम. वीजमंडळाची तपासणी आहे म्हणेन, नाहीतर काहीच सांगणार नाही, चिमटेला पुन्हा खाज आली म्हणतील लोक. तुमचं नाव कुठं निघणार नाही. बहिणीनंही मान डोलावली. इतक्या वर्षांचं नाव, ते आता या वयात कशाला पुसायचं, असं तिलाही वाटत होतं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग चपला पायात सरकवल्या आणि उंबरा ओलांडून रस्त्यावर गेले. ऊन उतरलं होतं, लोक ब्रेड घ्यायला येत होते, दोघातिघांनी त्यांना नमस्कार केला. चिमटे मीटर घेऊन मागं धावला, आधी मी बोलतो, आधी मी बोलतो, असं म्हणत. मिस्त्रींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. रस्ता ओलांडून त्यांनी समोरची कडी वाजवली.

नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या. मिस्त्रींना दारात बघून त्यांना आनंद झाला, या या, बसा म्हणाल्या, आतल्या सुनेला हाक मारून म्हणाल्या, बघ कोण आलंय, आपलं सगळं वायरिंग यांनीच केलंय, एवढ्या वर्षांत बघायला लागलं नाही.

मिस्त्री बसले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या भिंतीत माझा एक जोड आहे. तो उघडायला आलोय."